दोघींचं नाव कॉर्नेलिया

कादंबरीतल्या माणसांची नावं आधी ठरवावीत की आधी कादंबरी लिहावी, याबाबतीत जगात दोन पंथ आहेत. पहिल्या पंथात मी एकटी आहे आणि दुसऱ्यात बाकीचं जग. नमनाला घडाभर तेल घालू नये असं मोठी माणसं सांगतात. ते मी ऐकलं होतं, पण ते नाटकवाल्यांसाठी असावं, कादंबरीवाल्यांसाठी नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. परिणाम असा की आज माझ्याकडे अस्सल रोमन नावं पुष्कळ आहेत. तीनपदरी, खानदानी, उच्चारताना तोंडात चूळ भरल्यासारखं वाटावं अशी. फक्त कादंबरी नाही. आणि जिच्या तोंडात ती कादंबरी होती ती मैत्रीणही आता इथे नाही.

आम्ही पाणीपुरवठा खात्याच्या क्वार्टर्समध्ये राहतो. माझे बाबा खात्याच्या ऑफिसात, तिचे बाबा पंपिंग स्टेशनवर. आम्ही तळमजल्यावर आणि ती बरोब्बर आमच्या डोक्यावर. त्यामुळे अख्ख्या बिल्डिंगीत तिचं नाव 'वरची' आणि माझं 'खालची'. आईवडिलांनी हौसेनं ठेवलेली नावं दोघींनाही आहेत, पण ती शाळेच्या हजेरीपुरती. "वरचीला सांग, तिच्या आईचा डबा आपल्याकडेच राहिलाय," असं माझी आई म्हणाली की कुणाचाही गोंधळ होत नाही.

कादंबरी आम्ही दोघी मिळून लिहीत होतो आणि आमची पद्धत ठरलेली होती. जिन्याच्या वळणावर बसायचं, ती दोन पायऱ्या वर, मी दोन खाली. ती सांगणार, मी लिहिणार. वरचीला लिहायला बसवलं की तिचा हात दुखतो, मग डोकं दुखतं, मग तिला एकदम घरातलं काम आठवतं. पण तिनं तोंड उघडलं की भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढणारी माणसं कठड्याला टेकून उभी राहायची आणि वरच्या मजल्यावर त्यांची वाट बघणारी माणसं बोंबलत राहायची.

गोष्ट तिची, आणि ती अशी. प्राचीन रोम. डोंगरातलं पाणी शहरात आणायला त्या लोकांनी दगडी बोगदे बांधले होते. हे वरचीला तिच्या बाबांकडून कळलं होतं, त्यांना जेवताना दुसरा विषय नसतो. त्यातला एक बोगदा दुरुस्तीसाठी रिकामा केलाय. पाण्याच्या मुकादमावर पाणी चोरून विकल्याचा आळ आलाय. त्याच्या दोन मुलींना खात्री आहे की चोरीचा नळ दुसऱ्याच कुणीतरी बोगद्याच्या आत बसवलाय. तो सापडला तर बाप सुटणार. म्हणून दोघी दिवा घेऊन आत शिरतात. बऱ्याच आत गेल्यावर दिवा विझतो. आणि तिकडे डोंगरात, ठरल्या दिवसाच्या आधीच, पाणी सोडायचा हुकूम निघतो.

एवढं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "थांब. यांची नावं काय?"

"मोठी आणि धाकटी," वरची म्हणाली. "नावं बघू मागाहून. आधी त्यांना बाहेर काढू या."

इथे कुणीही शहाण्या मुलीनं 'बरं' म्हटलं असतं. पण त्याच आठवड्यात माझा निबंध मराठीच्या बाईंनी वर्गात वाचून दाखवला होता आणि वर चष्मा काढून म्हणाल्या होत्या, "हिला भाषा आहे." तोवर मला सायकल होती, धाकटा भाऊ होता, पण भाषा असल्याचं कुणी बोललं नव्हतं. तेव्हापासून मी चालतानासुद्धा भाषा असल्यासारखी चालत होते. मोठी आणि धाकटी ही काय नावं झाली? ऐतिहासिक कादंबरी म्हणजे नावात इतिहासाचा खणखणाट हवा. मी वरचीला सांगितलं, नावं माझ्यावर सोड, एकदा ती जमली की पुढचं सगळं आपोआप सुचतं. ती म्हणाली, तिला आत्ताच सुचतंय. मी म्हटलं, धरून ठेव.

वेळेची मला चिंता नव्हती. वरचीच्या बाबांची बदली होणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ती जायच्या आत कादंबरी पुरी करायची, दोघींची नावं शेजारी शेजारी घालायची, हे आम्ही एकमेकींना कबूल केलं होतं. पण बदलीचा कागद कसा हलतो हे मला जन्मापासून माहीत आहे. बाबा रोज घरी आल्यावर सांगायचे, फाईल अजून खालच्या टेबलावर आहे, मग वरच्या टेबलावर जाईल, तिथे शंका निघेल, ती खाली येईल, साहेब रजेवर जातील. आमच्या खात्याच्या संथपणावर माझा जेवढा विश्वास होता तेवढा सूर्य उगवण्यावरही नाही. वार्षिक परीक्षा होऊन सुट्टी लागेपर्यंत फाईल हलत नाही, हा माझा हिशेब. खात्यातल्या माणसांच्या मुलींनाच असले हिशेब जमतात, आणि त्यांचेच ते असे फसतात.

असो. रोमन नावं मिळतात कुठे? मी आईच्या मोबाईलवर शोधायला गेले आणि बाळांची नावं सुचवणाऱ्या एका पानावर पोचले. तिथे त्यांनी आधी माझं अभिनंदन केलं आणि मग अपेक्षित तारीख विचारली. आईनं नेमकं तेवढंच पाहिलं. त्यानंतर आमच्या घरात जे बोलणं झालं त्याचा साहित्याशी संबंध नव्हता.

म्हणून मी वाचनालयात गेले. रोमवर एक जाडं पुस्तक होतं, पण ते संदर्भ विभागात. ग्रंथपालबाईंनी मला नियम समजावून दिले. संदर्भ विभागातलं पुस्तक घरी मिळत नाही. तिथे बसून वाचता येतं, पण शाळकरी मुलांना तिथे बसता येत नाही. पालक शेजारी बसले तर येतं, पण पालक सभासद हवेत. बाबा सभासद होते, पण त्यांनी एकदा नेलेलं पुस्तक परत केलं नव्हतं. ते पुस्तक वेळेच्या नियोजनावर होतं. घरभर शोधल्यावर ते फ्रीजच्या एका पायाखाली सापडलं, तिथे ते इमानेइतबारे फ्रीज सरळ धरून उभं होतं. ते काढल्यावर फ्रीज कलला, दार नीट लागेना, आतला बर्फ वितळून पाणी स्वयंपाकघरभर झालं. पाणी खात्यातल्या माणसाच्या घरात गळती, यावरून बिल्डिंगीत जे विनोद झाले ते बाबांच्या जिव्हारी लागले. तरी ते माझ्याबरोबर वाचनालयात आले. लेक लेखिका होणार म्हटल्यावर बाप काय करणार.

तिथे एक अनपेक्षित गोष्ट घडली. बाबा माझ्या खांद्यावरून डोकावत होते आणि पुस्तकात रोमच्या पाणी खात्याचं प्रकरण लागलं. बाबांनी पुस्तक हळूच आपल्याकडे ओढलं. थोड्या वेळानं भारावलेल्या आवाजात म्हणाले, "अगं, तेव्हासुद्धा लोक बेकायदा नळ घेत होते." एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पगारवाढीलाही पाहिला नव्हता. पुढचे कितीतरी दिवस पुस्तक त्यांच्याकडे आणि मी शेजारी पालक असल्यासारखी बसलेली.

वरची रोज संध्याकाळी जिन्यातून वाकून विचारायची, "येतेस का? बसू या." मी म्हणायची, नावं होऊ देत.

शेवटी नावांचं प्रकरण माझ्या हाती लागलं, आणि काय सांगू. रोमन पुरुषांना पहिली नावं म्हणजे मोजकीच. मार्कस, गायस, ल्युशियस, क्विंटस, अशी थोडीफार. बाजारात 'मार्कस' म्हणून हाक मारली तर अर्धा बाजार वळून बघणार. मग घराण्याचं नाव. आणि मग तिसरं, ते पुष्कळदा शरीरावरून पडलेलं. टक्कल असेल तर काल्व्हस, नाक मोठं असेल तर नासो. आणि ही नावं ते तोंडावर घेत, अभिमानानं मिरवत. पणजोबांना टक्कल होतं म्हणून भरगच्च केसांचा पणतूही काल्व्हस. अशी नावं आपल्याकडेही ठेवतात, नाही असं नाही. पण माणूस जिना उतरून गेल्यावर.

आणि मुलींना? मुलींना स्वतःचं नावच नाही. घराणं कॉर्नेलियस असेल तर मुलगी कॉर्नेलिया. दुसरी झाली तर तीही कॉर्नेलिया. एक थोरली, एक धाकटी. आणखी झाली तर तिसरी. आईबापांना विचार करायचा ताप नाही.

मी धावत वर गेले. वरची गच्चीत कपडे काढत होती. मी जाहीर केलं की दोघींचं नाव कॉर्नेलिया, आणि हे शंभर टक्के अस्सल आहे. तिनं चिमटे तोंडात धरून विचार केला. मग चिमटे काढून म्हणाली, अंधारात बोलणार आहेत त्या, एकच नाव असेल तर वाचणाऱ्याला कोण बोलतंय ते कळायचं कसं? मी म्हटलं, सोपं आहे, थोरली कॉर्नेलिया आणि धाकटी कॉर्नेलिया.

"मग मी वेगळं काय म्हणाले होते? मोठी आणि धाकटी."

मी तिला फरक समजावून सांगितला. तिचं ते आळसातून आलेलं होतं, माझं इतिहासातून. "बरं बाई," ती म्हणाली. "आता पुढचं सांगू? पाणी निघालंय डोंगरातून." मी म्हटलं, एक मिनिट, मुकादमाचं नाव राहिलंय. आणि न्यायाधीशाचं. आणि सावकाराचं. आणि शेजाऱ्यांचं.

आणि इथे मी ती थोर चूक केली. मी मतं मागवली. माणसानं उसनी साखर मागावी, शिडी मागावी, पण मत मागू नये. जिन्याखालच्या फलकावर, टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी, मी सुवाच्य अक्षरात नावं लावली, 'आगामी ऐतिहासिक कादंबरीतील पात्रे', आणि खाली 'रहिवाशांनी आपली मते कळवावीत'. आपलं वाचन लोकांना दिसावं म्हणून प्रत्येक नावापुढे अर्थही लिहिला. 'काल्व्हस : टक्कल असलेला. लोभी सावकार.' 'नासो : मोठ्या नाकाचा. अफवा पसरवणारा शेजारी.'

आमच्या बिल्डिंगीत टक्कल एकच आहे. ते दुसऱ्या मजल्यावरच्या नियमकाकांचं. नियमकाका म्हणजे खात्यातले निवृत्त हेडक्लार्क. ते निवृत्त झाले, पण त्यांच्यातले नियम अजून कामावर आहेत. आणि नाकाचं म्हणाल तर गेटजवळच्या दुकानातल्या केमिस्टकाकांचं नाक त्यांच्या आधी काउंटरवर येतं. देवाशपथ सांगते, लिहिताना माझ्या मनात दोघांपैकी कुणीही नव्हतं. पण हे पटवायला गेलं की ते आणखी खरं वाटायला लागतं.

गंमत म्हणजे केमिस्टकाकांनी मला आधी फार मदत केली होती. लॅटिन पाहिजे ना, म्हणाले, लॅटिन इथे फळीवर भरून ठेवलंय, आणि मला दोन भारदस्त नावं दिली. त्यातलं एक मी सेनापतीला दिलं आणि दुसरं एका शीलवान विधवेला. पुढे बाथरूममधल्या खाजेच्या मलमाच्या ट्यूबवर मला माझा सेनापती भेटला. आणि विधवेचं नाव ऐकल्यावर आई म्हणाली, हे जंताचं औषध, लहानपणी तू दोन बाटल्या प्यायलीस.

नियमकाका मात्र पेटले. त्यांनी माझ्या कागदाखाली आपला कागद लावला, 'सदर विषयावर चर्चा करण्यासाठी सर्व संबंधितांनी जिन्यात उपस्थित राहावे'. जिन्यात म्हणजे आमच्या वळणावर. तिथे खुर्च्या आल्या. वरची आणि मी जिथे बसायचो तिथे नियमकाका बसले, आणि वरची आपल्या दारात उभी राहून खाली बघत होती.

काय काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. नियमकाकांचा पहिला मुद्दा, सदर पात्राला केस देण्यात यावेत. दुसरा मुद्दा, दोन सख्ख्या बहिणी, नाव एक, वडील एक, पत्ता एक. उद्या एकीच्या नावावर दुसरीनं काही उचललं तर जबाबदार कोण? मी म्हटलं, काका, त्या बोगद्यात आहेत. ते म्हणाले, "बोगद्यात असल्या म्हणून काय झालं? नोंद नको?" केमिस्टकाकांना नाकाचं वाईट वाटलं नव्हतं, उलट नाकाबद्दल ते हळवे होऊन बोलले, पण नासोला अफवा पसरवण्याऐवजी वैद्यकी द्यावी असं त्यांचं म्हणणं. समोरच्या काकू वेगळ्याच कारणानं रुसल्या. सगळ्यांना घेतलंस, म्हणाल्या, आमच्यातच का गं काही नाही घेण्यासारखं?

आणि या सगळ्यावर बाबा उभे राहिले. मला वाटलं, बाप धावून आला. बाबांनी घसा साफ केला आणि म्हणाले की पाणी सोडायचा हुकूम देणारा अधिकारी कादंबरीत खलनायक दाखवलाय असं त्यांच्या कानावर आलंय, ते त्यांना पटलेलं नाही. "अरे, तो पाणी सोडतोय. पाणी अडवणारा वाईट की सोडणारा?" यावर खात्यातल्या सगळ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. बिल्डिंगीत सगळीच खात्यातली.

शेवटी काल्व्हसला केस दिले आणि सावकाराचा न्यायाधीश केला. नासो वैद्य झाला. अधिकारी सज्जन झाला. समोरच्या काकूंना शहराच्या वेशीवर एक मानाची जागा दिली. म्हणजे आता कादंबरीत वाईट माणूसच उरला नव्हता. दोन मुली बोगद्यात आणि बाहेर सगळे भले लोक.

खुर्च्या उचलल्यावर वरची खाली आली आणि आपल्या पायरीवर बसली. "झालं ना? आता लिही. पाणी निम्म्या वाटेवर आलंय, त्यांना ऐकू यायला लागलंय."

मी थकले होते, माझा पुरता पाणउतारा झाला होता, तेही बापाच्या हातून. अशा वेळी माणूस आपला राग बरोबर नको त्या माणसासाठी राखून ठेवतो. मी म्हटलं, आधी एक ठरवू. थोरली कोण, तू की मी? कारण त्या दोघी म्हणजे आम्ही दोघीच, हे न बोलता पहिल्यापासून ठरलेलं होतं. वयानं वरची माझ्याहून थोडी मोठी. पण मी म्हटलं, लिहिणारी मी, तेव्हा थोरली मी.

"हो ना, तूच थोरली," वरची म्हणाली. "फक्त थोरली पुढे चालतेय. पाणी आधी तिच्या अंगावर येईल."

तिनं ते हसत म्हटलं होतं. एरवी मीही हसले असते. पण मी म्हणाले, "गोष्टी काय गं, कुणीही सांगतं. कागदावर उतरवायला अक्कल लागते."

ती पायरीवरून उठली, फ्रॉकला मागे लागलेली धूळ झटकली आणि "बरं" म्हणाली. त्या 'बरं'ची आठवण आली की अजून मला उशीत तोंड खुपसावंसं वाटतं. ती भांडली असती तर आमचं दुसऱ्या दिवशी मिटलं असतं, आमची सगळी भांडणं तशीच मिटतात. पण भांडायला दोघी लागतात, आणि ती वर निघून गेली होती.

त्यानंतर ती जिन्यातून वाकली नाही. मीही वर गेले नाही. माझा मानभंग झाला होता ना. शाळेत आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो आणि मी मनाशी म्हणत राहिले, परीक्षा होऊ दे, मग बघू, फाईल अजून खालच्याच टेबलावर आहे. आई विचारायची, वरची का येत नाही गं? मी म्हणायची, अभ्यास.

एका संध्याकाळी बाबा घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. ऑफिसात नवे साहेब आले होते. सकाळी आल्या आल्या टेबलावरची सगळी कागदपत्रं मागवून घेणारे, आणि शंका न काढता सह्या करणारे. वरचीच्या बाबांची ऑर्डर निघाली होती, आणि लगेच हजर व्हायचं होतं. आमच्या खात्यानं त्याच्या साऱ्या इतिहासात एक काम वेळेआधी केलं, आणि ते नेमकं हे.

सामानाचा टेम्पो दाराशी लागला त्या सकाळी मी खूप वेळ आमच्या दाराच्या आत उभी होते. वरून कपाटं सरकवल्याचा आवाज येत होता. आमच्या डोक्यावर कपाट कुठे, पलंग कुठे हे मला छताकडे न बघता सांगता येतं. एकेक आवाज जागा सोडून दाराकडे जायला लागला तेव्हा मी बाहेर पळाले.

वरची जिन्यात होती. दोन्ही हातांनी भिंतीवरचं घड्याळ पोटाशी धरून उतरत होती आणि वळणावर अडकली होती, कारण खालून हमाल चढत होते. मी एक पायरी चढले आणि जे रात्रंदिवस घोकलं होतं ते बोलून टाकलं. "थोरली तू. मी लिहीन तसं. आणि मी जे बोलले ना..."

"नको," ती म्हणाली. "थोरली, धाकटी काढून टाक. नुसतं कॉर्नेलिया ठेव दोघींना. तुझं नाव बरोबर होतं."

मग ती सांगायला लागली. कपाटाला वाट द्यायला आम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या होतो, मधून कपाट गेलं, मग पलंगाचे पाय गेले, आणि ती सांगत होती. दिवा विझलाय. त्यांचे हात सुटलेत. लांब कुठेतरी पाण्याचा आवाज आहे, पण बोगद्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही, पुढून की मागून. एक बहीण थांबते आणि ओरडते, कॉर्नेलिया. थोड्या वेळानं उत्तर येतं, कॉर्नेलिया. आणि तिला कळत नाही की ही आपली बहीण आपल्याला हाक मारतेय, की आपलाच आवाज दगडावर आपटून परत आलाय. बहीण असेल तर त्या दिशेनं जायला हवं. आवाजच असेल तर तिकडे कुणी नाही, नुसतं पाणी आहे. ती पुन्हा ओरडते. पुन्हा तेच उत्तर येतं. आणि तिकडे पाणी...

एक हमाल डोक्यावर गादी घेऊन मध्येच थांबला होता. वर नियमकाका कठड्याला टेकून उभे होते, कुणालाही नियम न सांगता. आणि खालून वरचीच्या आईनं हाक मारली, अगं घड्याळ आण, टेम्पोवाला खोळंबलाय.

"आले," ती म्हणाली, आणि गेली. घड्याळ मध्ये असल्यामुळे आम्हाला एकमेकींना नीट मिठीसुद्धा मारता आली नाही. मी तिच्यामागून ओरडले, मग काय होतं? टेम्पोचं फाळकं लावत होते, त्या आवाजात तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती पुढे बसली होती, आईच्या मांडीवर पिशव्या आणि तिच्या मांडीवर घड्याळ, आणि टेम्पो वळला.

मी लिहायचा प्रयत्न केला. भाषा आहे ना मला. एकदा मी ती बहीणच होती असं लिहिलं, आणि दोघी भेटल्या, आणि बाप सुटला, आणि ते इतकं गोड झालं की मलाच मळमळलं. एकदा तो नुसता प्रतिध्वनी होता असं लिहिलं आणि पुढचं वाक्य लिहायला मला धीर झाला नाही. बिल्डिंगीतले लोकही सुखानं जगू देत नाहीत. केमिस्टकाका गोळ्या मोजता मोजता विचारतात, निघाल्या का पोरी बाहेर? नियमकाकांनी तर एकदा जिन्यात गाठून, इकडेतिकडे बघून, हळूच सांगितलं की सदर पात्राचे केस काढले तरी त्यांची हरकत नाही, पण मुलींचं काय ते एकदा लाव.

शेवटी मी आईच्या मोबाईलवरून वरचीच्या आईच्या मोबाईलवर फोन केला. तिच्या आईनं सगळ्यांची विचारपूस केली, फ्रीजचीसुद्धा. मग वरची आली. नवी शाळा बरी आहे, म्हणाली. घर तळमजल्यावर आहे. नवीन बाई भरभर बोलतात. मी सगळ्याला हं हं केलं आणि मग विचारलंच. "ती बहीण होती की आवाज?"



"मला कुठे माहीत होतं गं," ती म्हणाली. "तिथपर्यंतच सुचलं होतं. पुढचं तू आणि मी मिळून ठरवायचं होतं. म्हणून तर रोज विचारत होते, येतेस का, बसू या."

  फोन तसाच चालू होता आणि दोघींच्या आया आपापल्या घरात आपापल्या फोनची वाट बघत होत्या. शेवटी मी विचारलं, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं? ती म्हणाली, पहाटे. मी म्हटलं, आमच्याकडेही पहाटेच येतं.